सतरा गाठींचा हिशेब



या अंकाची सुरुवात एका कागदापासून करावी लागतेय. मूल तालुक्यातल्या एका गावात बचतगटाची बैठक होती. धानाची रोवणी नुकतीच आटोपलेली, बायका थकलेल्या. हप्त्यांचा विषय कसाबसा उरकला आणि एकेक जण उठून गेली. एक बाई मागं राहिली. पन्नाशीची असेल. डावा हात पदराखाली. सगळ्या गेल्याची खात्री करून तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "ताई, यात काय लिवलं हाय, वाचून सांगा न जी."

सहा वर्षांपूर्वी शहरातल्या एका रुग्णालयात तिचा डावा स्तन काढला होता. कर्करोग होता हे तिला माहीत होतं, आपण बऱ्या झालो हेही माहीत होतं. हात का सुजला, हे मात्र माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर वर्षभरानं सूज यायला लागली आणि ती उतरलीच नाही. बांगडी चढत नाही. पोलक्याची डावी बाही वेगळ्या मापाची शिवावी लागते. हातपंप मारायला सून लागते. गावातले म्हणतात हत्तीरोग. आपल्या या भागात हत्तीपाय कुणाला नवा नाही, त्यामुळे तिलाही ते पटलं. दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात, त्या ती न चुकता गिळते आणि सूज उतरायची वाट बघते.

कागद इंग्रजीत होता, पॅथॉलॉजीचा. गाठीचा आकार दीड सेंटिमीटर. काखेतून काढून तपासलेल्या लसिका गाठी सतरा. त्यांतल्या कर्करोग आढळलेल्या गाठी शून्य.

तिला समजावून सांगितलं, की कर्करोग काखेत पोचलाच नव्हता. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तं मंग काढल्या काहून?"

या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथं आम्हाला देता आलं नाही. इतकी वर्षं बायकांच्या आरोग्यावर काम करतो म्हणवणाऱ्या आम्ही, पण काखेतल्या गाठींचं राजकारण कधी शिकलोच नव्हतो. गेले काही महिने वाचून, डॉक्टर मैत्रिणींना विचारून जे समजलं ते इथं मांडतो आहोत.

आपल्या आज्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, हाताला विळा लागला की काखेत. शरीरात रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं दुसरं एक बारीक जाळं असतं, त्यातून लसिका नावाचं पाण्यासारखं द्रव वाहतं आणि वाटेत जागोजागी छोट्या गाठी असतात. जंगलातून बांबूचा ट्रक निघाला की त्याला वनखात्याच्या नाक्यावर थांबावं लागतं, तसं या गाठींचं. जंतू असोत की कर्करोगाच्या पेशी, त्या तिथं अडतात, तपासल्या जातात, कधी तिथंच ठाण मांडतात. स्तनातून निघणारी लसिका मुख्यतः काखेतल्या गाठींकडं जाते. म्हणून स्तनात कर्करोग सापडला की डॉक्टरांचा दुसरा प्रश्न असतो, काखेत गेला आहे का?

हा प्रश्न बिनमहत्त्वाचा नाही, हे आधीच सांगायला हवं. किती गाठींत रोग पोचला यावरून पुढचा धोका कळतो, औषधं कोणती आणि किती, शेक द्यायचा की नाही हे ठरतं. प्रश्न बरोबरच आहे. त्याचं उत्तर मिळवण्यासाठी बाईला काय किंमत मोजायला लावायची, भांडण आहे ते यावर.

जवळजवळ शतकभर ही किंमत अख्खी काख होती. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदानं १८९४ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी, सगळं एकसंध काढायचं. कर्करोग मुळापासून उपटायचा म्हणजे आजूबाजूची जमीनही खणून काढायची, असा तो विचार होता. बाईला भूल दिली जायची ती नुसती गाठ तपासायला. तपासणीत कर्करोग निघाला तर त्याच भुलीत सगळं काढलं जायचं. जागी झाल्यावर तिला कळायचं. तिला विचारायची पद्धत नव्हती. याविरुद्ध आवाज उठवला तो अमेरिकेतल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी. १९७४ मध्ये त्यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. आधी नुसती तपासणी करा, मग मी ठरवीन, असा त्यांनी हट्ट धरला. अनेक डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं. पाचच वर्षांनी, १९७९ मध्ये, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीनं तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळी करावी असं सांगितलं. त्या समितीत डॉक्टर नसलेल्या एकट्या कुशनरच होत्या.

त्याच काळात पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर एक मोठा प्रयोग करत होते. काखेत हाताला गाठ लागत नाही अशा हजारावर बायकांचे त्यांनी गट केले. एका गटाची काख साफ केली, एका गटाच्या काखेला शेक दिला, एका गटाच्या काखेला हातच लावला नाही. पुढं गाठ आली तरच काढायची असं ठरवलं. ज्यांची काख साफ केली त्यांच्यात दहापैकी साधारण चौघींच्या गाठींत रोग निघाला, म्हणजे डॉक्टरांच्या बोटांना जे लागलं नव्हतं ते तिथं होतं. तेवढाच रोग काखेला हात न लावलेल्या बायकांतही असणार. पण त्यांच्यापैकी पुढं काखेत गाठ आली ती पाचातल्या एकीपेक्षाही कमी जणींना. आणि पंचवीस वर्षांनी, २००२ मध्ये, हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या होत्या.

याचा अर्थ नीट समजून घेऊ या. हाताला काही लागत नसताना काखेतल्या गाठी सरसकट काढल्यानं बाईचं आयुष्य वाढलं नाही. गाठी काढणं हा मुख्यतः माहिती मिळवण्याचा मार्ग ठरला. आणि माहितीच हवी असेल तर एका दाण्यावरून भाताची परीक्षा होते. सगळं भांडं उपसावं लागत नाही.

मग दाणा कोणता घ्यायचा? १९९० च्या दशकात यावर एक युक्ती निघाली. स्तनातल्या गाठीजवळ निळा रंग किंवा थोडं किरणोत्सारी द्रव्य टोचायचं. लसिकेबरोबर ते काखेत ज्या गाठीत सर्वांत आधी पोचेल ती पहिल्या नाक्याची गाठ. इंग्रजीत तिला सेंटिनल म्हणतात, पहारेकरी. तेवढ्या एक-दोन गाठी काढून तपासायच्या. पहिल्याच नाक्यावर काही सापडलं नाही तर पुढच्या नाक्यांची झडती कशाला? जगभर ही पद्धत रुळली. काख साफ केलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचा हात सुजतो, आणि पहारेकरी गाठच काढलेल्यांपैकी साधारण विसातल्या एकीचा, असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांच्या २०१३ सालच्या एकत्रित हिशेबातून दिसलं. सुजेखेरीज खांदा आखडणं, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा, वारंवार होणारा जंतुसंसर्ग हेही आलंच.

शहरातल्या टेबलाशी बसून काम करणाऱ्या बाईला सुजलेला हात त्रास देतो. आपल्या बाईचा तो हात म्हणजे तिचं पोट. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे रानात जाऊन पानं तोडायची, दुपारी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा वाटा या दिवसांत येतो. डाव्या हाताची बोटं मिटत नसतील तर पुडा बांधता येत नाही. धानाच्या बांधीत चिखलात हात घालून रोवणी करताना लहानसं खरचटलं तरी सुजलेला हात लालेलाल होऊन ताप भरतो. सरपणाचा भारा डोक्यावर धरायला दोन्ही हात वर जावे लागतात. शस्त्रक्रियेच्या यशाचा हिशेब मांडताना हे कुणी धरत नाही. रोग परत आला का, बाई जिवंत आहे का, इथं हिशेब संपतो.

आता कुणी म्हणेल, हे किरणोत्सारी द्रव्य, ते टिपणारं यंत्र, त्यातले जाणकार, हे सगळं मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत. भामरागड किंवा सिरोंच्याच्या बाईला त्याचा काय उपयोग? गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर एका कडेला वडसा. नागपूर गाठायचं तर दिवस मोडतो, सोबत एक माणूस लागतं, त्याचीही मजुरी बुडते. यंत्र नाही म्हणून काख साफ, असंच मग तिच्या वाट्याला येणार.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण ती फार थोड्या जणींना माहीत आहे. याचं उत्तर परदेशातून यायची गरज पडलेली नाही, ते मुंबईतच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते अगदी शब्दशः. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वाणी परमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पद्धत तपासून पाहिली. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूकडं एक बारीक मज्जातंतू आडवा जातो. त्याच्या खालच्या अंगाला असलेली चरबी आणि तीतल्या गाठी तेवढ्या काढायच्या, वरचं सगळं तसंच ठेवायचं. रंग नको, किरणोत्सारी द्रव्य नको, यंत्र नको. हवा तो फक्त शिकलेला हात. काखेच्या खालच्या भागाचा नमुना घेणं, असं तिचं नाव मराठीत करता येईल. काखेत हाताला गाठ लागत नव्हती अशा ४७८ बायकांत ही पद्धत आणि पहारेकरी गाठीची पद्धत या दोन्ही एकाच वेळी वापरून तुलना केली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. ज्यांच्या काखेत खरोखर रोग पोचला होता अशांपैकी साधारण आठ-दहांत एकीच्या बाबतीत दोन्ही पद्धतींना तो हुकला. चुका आहेतच. पण महागड्या पद्धतीच्याही तेवढ्याच आहेत.

आम्हाला यात विशेष वाटतं ते असं. गरिबांसाठी स्वस्त म्हणून कमी प्रतीचं काहीतरी पुढं करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. ही पद्धत तशी नाही. ती महागड्या पद्धतीशेजारी ठेवून, त्याच बायकांत, उघड तपासलेली आहे. त्यामुळं यंत्र नाही हे कारण देऊन काखा वर करायला आता जागा नाही. मूलच्या त्या बाईचा हात खांद्यावर जात नाही. काखा वर करायचं काम व्यवस्थेनंच केलं.

त्या शल्यविशारदाला आम्ही खलनायक ठरवत नाही. तपासणीआधी काखेत रोग आहे की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि एवढ्या लांबची बाई पुन्हा येईल न येईल, एकदाच काय ते करून टाकू, असा विचार त्यानं केला असेल. सद्‌भावनेनं केला असेल. पण हा विचार त्यानं तिच्याशी बोलून केला नाही, आणि केल्यावरही सांगितला नाही. तिच्या शरीरातून सतरा गाठी गेल्या याची खबर तिला सहा वर्षांनी बचतगटाच्या बैठकीनंतर लागते, हा काही वैद्यकशास्त्राचा दोष नव्हे.

दरम्यान जगात काख वाचवण्याची वाट आणखी पुढं गेली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८९१ बायका होत्या. पहारेकरी गाठींपैकी एक-दोनांत रोग सापडला, तरी स्तन वाचवून शेक आणि औषधं घेणाऱ्या बायकांत उरलेली काख साफ केल्यानं काही जास्तीचा फायदा झाला नाही. २०२३ मध्ये युरोपातल्या एका अभ्यासानं तर म्हटलं, की गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची असेल आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल तर काखेला अजिबात हात न लावताही बायका तितक्याच सुखरूप राहिल्या. दीड सेंटिमीटर! ते वाचताना मूलचा तो कागद डोळ्यांपुढं आला. पण घाई करायला नको. त्या अभ्यासातल्या बायकांची चांगली सोनोग्राफी झाली होती, त्यांचे स्तन वाचवून शेक दिला गेला होता, त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर होती. आपल्याकडं ऑपरेशननंतरची पुढची भेटच चुकते. त्यामुळं 'काखेला हात लावू देऊ नका' असा सल्ला कुणीही कुणाला देऊ नये. काखेत गाठ लागत असेल आणि सुईच्या तपासणीत तीत रोग सापडला असेल, तर काख साफ करणं बहुतेक वेळा गरजेचंच असतं. आपला आग्रह एवढाच, की आधी पाहा, मग सांगा, मग कापा.

आणि पाहायचं कसं? आजकाल अंदाज बांधणारी गणकं निघाली आहेत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयानं आपल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून असं एक गणक केलं. बाईचं वय, गाठीचा आकार, पेशी किती उग्र दिसतात, गाठीतल्या लसिकावाहिन्यांत रोगाच्या पेशी शिरलेल्या दिसल्या का, अशी माहिती भरली की काखेत पसरण्याची शक्यता शेकड्यात सांगितली जाते. आता तर यंत्राला चित्रं दाखवून अंदाज करवून घेण्याचे प्रयोग सगळीकडं चालले आहेत. आम्ही अशा गणकांच्या विरोधात नाही. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्या नोंदी न्यूयॉर्कच्या बायकांच्या, ज्यांच्या गाठी अनेकदा मॅमोग्राफीत, हाताला लागण्याआधीच सापडतात. आपली बाई लिंबाएवढी झाल्यावर येते. तिथला अंदाज इथं तसाच लागू पडेल हे इथल्या बायकांच्या नोंदींवर तपासल्याशिवाय कसं मानायचं? दुसरं म्हणजे गणकात भरायची माहितीच आपल्याकडच्या कागदावर नसते. गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये नाही, उग्रतेची पायरी नाही, लसिकावाहिन्यांचा उल्लेख नाही. कित्येकदा तर तालुक्याच्या गावी गाठ नुसती कापून फेकून दिलेली असते, तपासायला पाठवलेलीच नसते. मग बाई पुन्हा गाठ आली म्हणून वर्षानं मोठ्या रुग्णालयात पोचते तेव्हा पहिली गाठ काय होती हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या घरात पीठच नाही तिथं भाकरी किती भाजल्या जातील याचं गणित काय करायचं?

बोटांनी चाचपणंही इथं दोन्हीकडून फसवतं. फिशरच्या बायकांत काही लागलं नाही तरी रोग होता. आपल्याकडं उलटंही होतं. काट्याकुट्यात, चिखलात हात घालणाऱ्या बाईच्या काखेत अवधाण असणं नेहमीचंच. क्षय आहे, हत्तीरोग आहे, त्यांनीही गाठी फुगतात. म्हणजे नुसती गाठ लागली म्हणून रोग पसरला असंही नाही. यावर उपाय साधा आहे: काखेची सोनोग्राफी करायची आणि संशय वाटेल त्या गाठीत सुई घालून पेशी तपासायच्या. सोनोग्राफी म्हटलं की आपल्या पिढीला गर्भलिंग तपासणीविरुद्धचे मोर्चे आठवतात, १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा आठवतो. मुलगी आहे का हे पोटात शोधायला ही यंत्रं गावोगाव पोचली. बाईच्या काखेत काय आहे हे पाहायला मात्र तिच्यावर क्वचितच फिरतात. (आणि सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्या बैठकांत दर वेळी कुणीतरी सांगतंच. सुईच्या तपासणीनं बाईचा धोका वाढत नाही. ती टाळल्यानं मात्र दोनदा कापून घ्यावं लागतं.)

आता एक आक्षेप, जो आमच्यातल्याच एका कार्यकर्तीनं घेतला. ती म्हणाली, आपल्या बायका येतात त्या गाठ फुटल्यावर, हाडांपर्यंत गेल्यावर. सुरुवातीच्या कर्करोगात काखेतल्या किती गाठी काढायच्या ही चर्चा म्हणजे ज्यांना दोन वेळचं मिळतं त्यांची चैन. हा आक्षेप आम्हाला बरेच दिवस टोचत राहिला, कारण त्यात तथ्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या बायका हजारात नऊ. आशाताईंच्या फॉर्मवर स्तनात गाठ आहे का, असा प्रश्न छापलेला आहे. फॉर्म भरले जातात. हात लावून तपासणारं कुणी पुढं असतंच असं नाही.

पण लवकर येणं आणि कमी कापणं या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. मुंबईतच, वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांना घेऊन टाटा मेमोरियलनं १९९८ पासून वीस वर्षं एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. साधारण दहावी झालेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांनी अर्ध्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हातानं तपासले. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथं सापडलेल्या कर्करोगांपैकी पुढच्या टप्प्यातले शेकडा ३७ होते. जिथं झाली नाही तिथं ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्यांत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्याआधी बार्शीला, जिथं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, गावोगाव नुसतं बोलून, लक्षणं समजावून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. म्हणजे शिकलेला हात आणि मोकळं बोलणं, या दोनच गोष्टी. त्यांना जंगलाची अडचण नाही.

बाईनं लवकर यावं असं वाटत असेल तर लवकर येण्याचा तिला फायदाही दिसायला हवा. गावात एक बाई लवकर गेली, रोग काखेत गेला नव्हता तरी हात गमावून आली, हे बाकीच्यांनी पाहिलं तर दुसरी कशाला जाईल? शस्त्रक्रियेची भीती ही अडाणीपणातून येत नाही. ती समोरच्या सुजलेल्या हाताकडं पाहून येते.

बायका बोलत नाहीत म्हणणाऱ्यांना याच मातीतून एकदा उत्तर मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीजवळच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. विचारणारं कुणी भेटलं की बायका बोलतात. आणि नुसत्या बोलतातच असं नाही. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती बायकांच्या रेट्यामुळं. २०१० च्या डिसेंबरात चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, तो वेगळा वाद. पण नागपूरच्या रस्त्याची आपल्या बायकांना भीती आहे असं कुणी सांगू नये.

आता चंद्रपूरला जिल्हा खनिज निधी आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागातून कर्करोग रुग्णालय उभं राहिलं आहे. कोळशानं आणि सिमेंटनं ज्या जिल्ह्याची हवा बिघडवली त्याच खनिजाच्या पैशातून ते आलं आहे, म्हणजे ते आपल्या हक्काचं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया बसतात. तेव्हा आपल्या गटांनी इमारतीचं कौतुक करून थांबू नये. शस्त्रक्रियेआधी काखेची सोनोग्राफी होते का? हाताला गाठ लागत नसेल तर काख साफ न करता नमुना घेतला जातो का? तो घ्यायला शिकलेले शल्यविशारद आहेत का, आणि वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना तो शिकवला जातो का? पॅथॉलॉजीच्या कागदावर आकार, उग्रता, काढलेल्या गाठी, रोग सापडलेल्या गाठी हे सगळं असतं का, आणि त्याच्या चार ओळी बाईला मराठीत लिहून मिळतात का? गोंडी बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत सांगणारं कुणी तिथं आहे का? हे प्रश्न पाठ करून जावेत.

सुजलेल्या हातांचंही काही करता येण्याजोगं आहे आणि त्यासाठी नवं खातं लागणार नाही. आपले जिल्हे हत्तीरोगाचे. हत्तीपाय झालेल्यांना सरकारकडून टब, मग, साबण, मलम असा संच मिळतो, पाय रोज धुवून कोरडा कसा ठेवायचा, उंचावर कसा ठेवायचा, व्यायाम कोणता, भेग पडली तर काय करायचं हे कर्मचारी शिकवतात. काख साफ केलेल्या बाईच्या हाताला थोड्याफार फरकानं हीच निगा लागते, वर दाब देणारी बाही लागते. मूलच्या बाईला सहा वर्षं हत्तीरोगी समजलं गेलं, पण हत्तीरोग्याला मिळते ती निगाही तिला मिळाली नाही. मिळाल्या त्या गोळ्या, ज्यांचा तिच्या हाताला काही उपयोग नव्हता. हत्तीरोगाच्या कर्मचाऱ्यांनी हात सुजलेल्या बाईला 'स्तनाचं ऑपरेशन झालंय का?' एवढं एक विचारावं, ही मागणी जिल्हा हिवताप कार्यालयाकडं करायला पैसे पडत नाहीत.

तिच्या कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही मराठीत लिहून दिलं: गाठ दीड सेंटिमीटर, काखेतल्या गाठी काढल्या सतरा, रोग एकीतही नाही, हाताची सूज ऑपरेशनमुळं, हत्तीरोग नाही. तिनं शेवटची ओळ दोनदा वाचून घेतली. खात्रीसाठी हत्तीरोगाची रक्ततपासणीही करून घ्यायला सांगितलं आहे, ती या महिन्यात होईल.

पुढच्या तिमाहीपर्यंत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्या गावांत स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायका असतील तर त्यांच्या परवानगीनं, त्यांच्याचसमोर बसून, त्यांचे कागद वाचावेत. नाव, गाव, रुग्णालय काही लिहू नये. ऑपरेशनचं वर्ष, गाठीचा आकार, काढलेल्या गाठी, रोग सापडलेल्या गाठी, आणि हात सुजला आहे की नाही, एवढंच पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडं पाठवावं. ज्यांच्याकडं कागदच नाही त्यांचंही कार्ड पाठवावं, त्यावर 'कागद दिला नाही' असं लिहावं. त्या बाईच्या कार्डापासून आम्ही सुरुवात केली आहे.